रामटेके बाईंच्या चेंडूतला भुंगा

नील, गेल्या रविवारी तू म्हणालास, "आजी, रामटेके टीचरबद्दल लिहून पाठव ना, आई वाचून दाखवेल." माझ्याबद्दल लिहून पाठव असं तुम्हा दोघांपैकी अजून कुणी म्हटलेलं नाही. असो. रेवा, तूही ऐक. मी जमेल तितकं क्रमाने लिहिते.

तुमची आई वाचता वाचता मध्येच म्हणेल की आजी जरा जळून लिहिते आहे. तिला म्हणावं, हो.

नागभीडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि रामटेके बाई खेळ. मी त्यांच्याहून वयाने मोठी, शिक्षणाने जास्त, आणि वर्गात शिस्त असलेली. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्यांच्या तासाला काहीच ऐकू यायचं नाही, कारण त्या स्वतःच ओरडत असायच्या. बुटका, रुंद बांधा, सलवारीखाली पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, डोक्यावर पुढे चोच असलेली टोपी. साडी नेसायच्या ती चौदा एप्रिलला, पांढरी, आणि तीही अशा लगबगीने की चालताना पुढची मिरवणूक मागे पडावी.

मुलींना त्या नावाने हाक मारत नसत. जी ज्या गावची, तेच तिचं नाव. "ए मिंडाळा! झोपली का वं?" "तळोधी, हात वर कर, म्हैस हाकून राह्यली का?" मी एकदा म्हटलं, मुलींना नावं असतात. त्या म्हणाल्या, "नाव तं घरचे घेतेच ना मॅडम. गावाचं नाव कोण घेते जी? म्या घेतलं तं पोट्टी गावासाठी पळते."

घरी येताना दार वाजवायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. थेट स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडायच्या. "हे काय जी, भाजी करून राह्यल्या का औषध?" असं म्हणत वाटी भरून घ्यायच्या आणि संपवायच्या. तुमचे आजोबा माझ्या हातच्या भाजीला कधी वाईट म्हणाले नाहीत, पण इतक्या आवडीने खाल्लीही नाही. बाईंना समोर बसवून ते मात्र हसत जेवायचे.

त्या फुशारक्या फार मारायच्या. प्रत्येक मुलीच्या बापाला सांगायच्या की तुमची मुलगी भारताकडून खेळेल. कॅरममध्ये हरल्या तर बोर्ड वाकडा असायचा. आणि तरी पोरी त्यांच्यामागे मधमाश्यांसारख्या. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा जुन्या मुली कडेवर मुलं घेऊन इतक्या आल्या की शाळेला अर्धी सुट्टी द्यावी लागली.

एक प्रसंग तुमच्या आईचा. मीनू आठवीत होती आणि चंद्रपूरला इंग्रजी भाषणाच्या स्पर्धेत पहिली आली. भाषण मी लिहून दिलं होतं. उच्चार मी घासून घेतले होते. मी शाळेच्या फाटकाशी बसची वाट बघत उभी होते. मीनू बसमधून उतरली, दप्तर माझ्या हातात दिलं आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारत असलेल्या रामटेके बाईंकडे धावत सुटली. "बाई, मिळालं! बाई, पहिला!" बाईंनी चुन्याच्या हातांनी तिला उचललं आणि कप डोक्यावर धरून मैदानाला फेरी मारली. त्यांना त्या भाषणातला एक शब्द कळला नसता. मी दप्तर धरून उभी. मीनूच्या गणवेशावरचे चुन्याचे पंजे मी दोनदा धुतले, तरी गेले नाहीत.

निवृत्तीनंतर बाई घरी बसतील असं मला वाटलं होतं. पण आमच्या घरासमोरच्या मैदानावर त्या रोज सकाळी मुलींना बेसबॉल शिकवू लागल्या. शाळेतलं कपाट नव्या सरांच्या ताब्यात गेलेलं, म्हणून चेंडूंची पिशवी माझ्या व्हरांड्यात ठेवू लागल्या. विचारलं नाही, ठेवली.

आता तुझा भाग, नील. परदेशातून येणारे तुझे रविवारचे फोन मला आठवतात. "कसा आहेस?" "बरा." "जेवलास?" "हो." "शाळा?" "बरी." मग मीनू पलीकडून काहीतरी खुणावायची आणि तू म्हणायचास, "तू कशी आहेस, आजी?" एका रविवारी बोलायला काही उरलं नाही म्हणून मी फोन मैदानाकडे वळवला. बाईंनी एका चेंडूच्या मधोमध विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि एक मुलगी तो फेकत होती. तिकडे बेसबॉल खेळणारा तू किंचाळलास, "आजी, त्या कोण आहेत? ती पट्टी स्पिन बघायला लावलीय!"

झालं. त्या दिवसापासून रविवारी तू "आजी" एकदाच म्हणायचास, तेही "आजी, टीचरना दे" असं.

मीही ऐकून ऐकून शिकले. चेंडू सुटताना दोन बोटं शिवणीवरून खाली ओढली की तो उलटा फिरत जातो. जितका जास्त फिरेल तितका तो हवेत तगून राहतो. बॅटवाल्याला वाटतं तो एवढ्यात खाली येईल, तो येत नाही, बॅट खालून रिकामी जाते. दोन मुलींचा वेग सारखा असला तरी जिची फिरकी जास्त तिचा चेंडू जास्त हुकतो. काळा पट्टा सरळ दिसला तर फिरकी स्वच्छ, डगमगला तर हात वाकडा. तुमच्याकडे हे यंत्र मोजतं. बाई कानाने मोजायच्या. चेंडू जवळून जाताना शिवणीचा बारीक आवाज येतो, त्याला त्या भुंगा म्हणायच्या. "भुंगा नाई लागला! फिरून टाक! बोटानं सोल त्याले, संत्रं सोलते तशी!"

तू त्यांना काय सांगितलंस तेही मी ऐकलं, कारण फोन माझा होता. तू म्हणालास की तुझ्या कोचच्या यंत्रावर तुझा आकडा संघात सगळ्यात कमी येतो, आणि तू हे आईलाही सांगितलेलं नाहीस. मला तर नाहीच. बाई म्हणाल्या, "तुहा बॉल खाली पडते ना रे? मग खालीच टाक ना बाप्पा. गुडघ्यापाशी. पोट्टे वरून ठोकतीन, बॉल मातीत लोळन. आकडा पाहून कोणी औट होते का?" तू हसलास. कितीतरी दिवसांनी मी तुला हसताना ऐकलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. फोन परत आला तेव्हा त्याला घाम आणि माती लागलेली होती आणि बॅटरी संपलेली.

आता जमुना. घोडाझरीच्या जंगलाकडच्या एका गावातली गोंड मुलगी, म्हणून तिचं नाव "घोडाझरी". दहावीची परीक्षा दिलेली, उंच, अबोल. सायकलने यायची. हिवाळ्यात तिचा चेंडू वेगाने यायचा आणि तितक्याच वेगाने परत जायचा. सगळ्या मुली तिला ठोकायच्या. होळीनंतर एकाएकी तिच्या चेंडूत भुंगा लागला. व्हरांड्यात बसून मलाही ऐकू येऊ लागला. मुलींच्या बॅटी खालून रिकाम्या जाऊ लागल्या. बाईंनी गावभर सांगितलं, "पाहा, तीन महिने बोटं घासून घेतली तिची. असा बॉल जिल्ह्यात नाई." बाई रोज माझ्या फोनवरून पाठवायच्या ते व्हिडिओ तू सावकाश चालवून पट्टा मोजायचास आणि म्हणायचास, "टीचर, ही माझ्यापेक्षा खूप पुढे आहे."

एप्रिलच्या शेवटी चंद्रपूरला निवड चाचणी होती. निवड झाली तर जमुनाला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती आणि अकरावी तिथून करता येणार होती. नाही झाली तर शिक्षण थांबणार, हे तिच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं. गावापासून कॉलेज लांब, आणि वाटेत वाघ. म्हणून सगळं त्या चेंडूवर आलं होतं.

माझी तेव्हा एकच तक्रार होती. व्हरांड्यातल्या पिशवीला मुंग्या लागत होत्या. मी रोज झाडायची, रोज लागायच्या. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुमच्या घरात साखर जास्त झाली असन जी."

चाचणीच्या आदल्या रविवारी तू म्हणालास, "टीचर, सोमवारी, मंगळवारी फिरकी खूप होती. गुरुवारी एकदम खाली. हिवाळ्यासारखी."

"तुह्या मशीनले चष्मा लाव," बाई म्हणाल्या.

"नाही, मी दोनदा मोजलं. ती बोटांना काही लावते का? आमच्याकडे मोठी माणसं लावतात, चिकट. मग चेंडू जास्त फिरतो. पण ते चीटिंग आहे."

मैदानावर ओरडून बाईंनी जमुनाला बोलावलं, तिचा उजवा हात धरला आणि नाकाशी नेला.

"मोह वेचून आली का वं?"

"हो ना बाई. रोज पहाटं जातो माय संग. एकटीनं जायचं भेव वाटते तिले, वाघ हाय. गुरुवारी माय बिमार होती, तं नाई गेली."

"हात नाई धुवत?"

"पाण्यानं धुतो बाई. जात नाई तो चिकटपणा. आमच्या गावात आता सगळ्याईचे हात असेच असते."

"म्हणून मुंग्या!" मी म्हणाले. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरून तूही पाहिलंस. त्या सबंध वर्षात तुम्ही तिघांनी माझं बोलणं लक्ष देऊन ऐकलं ते एवढंच.

मोहाची फुलं रसाळ असतात रेवा, गोड, अंगठ्याला बोट चिकटून राहील इतकी. पोरीला ठाऊकच नव्हतं की तिच्या हाताला काही लागलेलं आहे. आणि बाईंना वाटत होतं की तो भुंगा त्यांनी लावला.

"टीचर," तू म्हणालास, "आता तिला साबणाने हात धुवायला सांगा."

"मोह वेचणं चीटिंग झालं का रे?"

"वेचणं नाही. पण माहीत असून तसाच चेंडू टाकणं, हो."

बाईंनी फोन बंद केला. तुझा फोन त्यांनी आपणहून बंद केल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. जमुनाला त्या एवढंच म्हणाल्या, "जाय घरी." धू म्हणाल्या नाहीत, नको धू असंही म्हणाल्या नाहीत.

त्या आठवड्यात तुझे दोन फोन मला आले. मधल्या वारी. "आजी, टीचर काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही नाही. आणि खरं सांगते, मला वाटलं की आता तुला त्या जशा आहेत तशा दिसतील. फुशारकी मारणारी बाई आपला एकुलता एक भुंगा थोडीच सोडणार. जिल्ह्याच्या चाचणीत कोण कुणाचे हात हुंगतं?

चाचणी ऊन उतरल्यावर चारला होती. तुमच्याकडे तेव्हा पहाट. तू उठून बसणार होतास, म्हणून फोन धरायला मीही जीपमधून गेले. वाटेत मूल गावात आम्ही पोहे खाल्ले. जमुना डाव्या हाताने खात होती. उजवी मूठ मिटून मांडीवर. घरातून निघाल्यापासून ती उघडलेली नव्हती. मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मैदानावर पोचल्यावर त्या तिला पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेल्या. मी मागे गेले. त्यांनी पर्समधून कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी काढली.

"उघड."

पोर मूठ उघडेना. "बाई, कोणाले नाई समजत. भुंगा जाईन ना बाई."

"जाऊ दे. तो मोहाचा होता, तुहा नव्हता. माहाही नव्हता."

"मंग मी काय टाकू? हिवाळ्यात सगळ्या ठोकत होत्या मले."

"कारण म्या तुले वरती टाकाले लावत होतो, छातीपाशी. भुंगा पायजे होता ना मले." बाईंनी एकेक बोट उघडलं. "आज गुडघ्यापाशी टाक. कमी फिरन तं खाली बुडन. त्या वरून मारतीन, बॉल मातीत जाईन. माह्याच तोंडचं होतं, तिकडल्या पोट्ट्याले सांगतलं, तुले सांगाचं राह्यलं."

त्यांनी तिचे हात कोपरापर्यंत धुतले, नखं काडीने कोरली. पोर रडत होती. बाई तिच्या पंज्यांवर पाणी ओतत राहिल्या आणि तिला रागावतही नव्हत्या, समजावतही नव्हत्या. मी फोन काढून तुला दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही. मनात आलं, हेही बघितलं तर हा मुलगा पुन्हा माझा कधी होणारच नाही.

जमुनाने अगदी सांगितल्यासारखं टाकलं. खाली, बॅटवालीसमोर जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या कडांना, एकसारखं. मुली मारत होत्या आणि चेंडू मातीत लोळत होता. पण अडवणाऱ्या मुली ठिकठिकाणच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. एकीच्या पायांतून गेला, दुसरी बघत राहिली. तिच्यानंतरच्या मुलीने वर टाकले, वेगात, आणि तीन बॅटी रिकाम्या फिरल्या. निवड करणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हुकलेली बॅट लांबून दिसते. मातीत गेलेल्या चेंडूचं श्रेय कुणाचं ते दिसत नाही.

नावं वाचली. जमुनाचं नव्हतं.

मला वाटलं आता बाई भांडतील. कॅरमचा बोर्ड वाकडा म्हणणारी बाई. त्या उठल्या, टोपी काढली, परत घातली. खेळ दाखवून मी फोन बंद केला होता, तेवढ्यात तो वाजला. तू. मी सवयीने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पडद्यावरचा तुझा चेहरा पाहिला आणि माझा हात हळूच बाजूला केला.

"तुम्ही सांगा जी मॅडम. माह्याच्यानं नाई होत."

मग मी सांगितलं. साबणापासून सगळं. तू विचारलंस, "त्यांनी माझ्यामुळे धुतले का?" मी म्हटलं, नाही बाळा, तू सांगितलं नसतंस तरी धुतले असते. हे मला कसं ठाऊक होतं कोण जाणे, पण ठाऊक होतं. तू रडलास आणि बराच वेळ माझ्याशी बोललास, शाळेबद्दल, कोचबद्दल, त्या यंत्राबद्दल. इतकी वर्षं मला हवं होतं तेवढं. मी ऐकत होते, आणि माझी नजर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे बाई जमुनाच्या शेजारी मातीत बसल्या होत्या.

मे महिना तसाच गेला. मैदानावर कुणी आलं नाही. मग जूनमध्ये एका सकाळी बाई स्वयंपाकघरात आल्या. झाकण उघडलं नाही.

"मॅडम, घोडाझरीले चंद्रपुरात कॉलेजात घातलं. तिच्या बापाशी दोन दिवस भांडलो. तिथं माह्या भावाची वरची खोली रिकामी हाय. मी जाऊन राह्यलो तिच्या संग. पोट्टी एकटी कशी राहीन?"

"किती दिवस?"

"बारावी होईपर्यंत तं पक्कं. मंग पाहू जी."

मी विचारलं, तुमचं इथलं घर? तुमच्या बाकीच्या मुली? त्या म्हणाल्या, नव्या सरांना सांगून ठेवलं आहे, ते बरे आहेत. मी अजून काही विचारणार होते, पण ते नीट शब्दांत मांडता आलं नाही. मला असं सहसा होत नाही.

त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेले. एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या. बाईंनी जमुनाला खिडकीची जागा दिली आणि स्वतः शेजारी इतक्या ऐसपैस बसल्या की पोर काचेला चिकटली. "सरका ना बाई!" "तूच सरक. ऐकत नाई वं कोणाचं." बस सुरू झाली तेव्हा त्या तिच्या अंगावरून वाकून ओरडल्या, "मॅडम, घरी जा जी! ऊन लागन!" आणि लगेच आत वळल्या, कारण पोरीने पाण्याची बाटली घरीच विसरल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. रेल्वे फाटकाशी बस थांबली तोवर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि पोरीचं हसणं.

फाटक उघडलं, बस गेली. त्या बाईचा हेवा करण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरचाही बराच काळ. त्या दिवशी उन्हात उभी राहून मला हेवा वाटला तो खिडकीशी बसलेल्या त्या मुलीचा.